गर्भवतीची हिवाळी सहल आणि मालवणचा किनारा : एका जुन्या वाटेचा इतिहास

‘बेबीमून’ हा शब्द शहरी मराठी घरांत आता परका राहिलेला नाही. बाळ येण्यापूर्वी पती-पत्नीने चार निवांत दिवस बाहेरगावी घालवावेत, ही ती कल्पना. हिवाळा आला की अशा बेतांत मालवण, तारकर्ली, देवबाग ही नावे निघतातच. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र हे थेर वाटते. ‘असल्या दिवसांत कसला समुद्र?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. या वादात दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. गर्भवतीचा कोकणकिनाऱ्याकडे होणारा हिवाळी प्रवास मुळीच नवा नाही. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आजच्या सहलीला उपयोगी पडेल असा एक नियमही आहे. त्यासाठी हा धागा. (१/२६)

आधी शब्दाविषयी. प्रसूतीविषयक लेखनासाठी ख्यातनाम असलेल्या ब्रिटिश लेखिका शीला किट्झिंगर यांनी हा शब्द १९९० च्या दशकात रूढ केला, तो निराळ्या अर्थाने. बाळ जन्मल्यानंतरचे पहिले काही दिवस आई, बाप आणि बाळ यांनी पाहुण्यांच्या गर्दीपासून दूर, एकमेकांच्या सहवासात घालवावेत, असे त्यांना अभिप्रेत होते. पुढे पर्यटन व्यवसायाने तो शब्द उचलला, प्रसूतीच्या अलीकडे आणून ठेवला आणि त्याला हॉटेलची खोली जोडली. विश्रांतीचा विचार मागे पडून ‘ठिकाणा’चा विचार पुढे आला, तो येथे. (२/२६)

किट्झिंगर यांना जे अभिप्रेत होते, ते मराठी घरात सव्वा महिन्याच्या बाळंतपणात होतेच : अंधारी खोली, शेक-शेगडी, तेल लावणे, आणि बाहेरच्यांना मज्जाव. प्रसूतीपूर्वीच्या विश्रांतीलाही स्थान होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होई, ओटी भरली जाई, आणि पहिलटकरीण माहेरी जाई. पहिले बाळंतपण माहेरी, हा संकेत जातीपातींच्या भिंती ओलांडून बहुतेक ठिकाणी पाळला जात असे. म्हणजे गर्भवतीने घर सोडून दुसरीकडे जाणे ही रीतच होती. प्रश्न फक्त केव्हा, कसे आणि कोणाकडे, एवढाच असे. (३/२६)

मग ‘गरोदर बाईने प्रवास करू नये’ हे कोठून आले? आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याचे मूळ सापडते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने टाळावयाच्या गोष्टींत वाहनावर आरूढ होण्याचा उल्लेख आहे. धर्मनिबंधांत तर निषेध गर्भिणीच्या पतीलाही आहेत. त्याने फार दूरचा प्रवास करू नये, समुद्रस्नान करू नये, क्षौर करू नये, अशी ती यादी. आज हे वाचताना हसू येते. परंतु पत्नीचे दिवस भरत आले असता पतीने हाकेच्या अंतराबाहेर जाऊ नये, एवढा अर्थ त्यातून काढला तर ती यादी तितकी हास्यास्पद राहत नाही. (४/२६)

निषेधामागील परिस्थिती समजून घेतली पाहिजे. वाहन म्हणजे बैलगाडी किंवा घोडा. रस्ता म्हणजे दगडधोंड्यांची वाट. वाटेत रक्तस्राव सुरू झाला तर पुढेही उपाय नाही आणि मागेही नाही. निषेध होता तो या असहायतेचा. जिथे पोहोचल्यावर आधार मिळणार होता, त्या माहेरच्या वाटेला समाजाने कधी अडवले नाही. उलट मेणा, डोली, गाडीत घातलेला पेंढा अशी तजवीज केली. म्हणजे परंपरेचा खरा नियम ‘जाऊ नये’ असा नव्हता. ‘आधार असेल तिथेच जावे’ असा होता. (५/२६)

महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच नियमाचे आहे. जुलै १६२९ मध्ये लखुजी जाधवांची दौलताबादेस निजामशाही दरबारात हत्या झाली. शहाजीराजे धावपळीत, मुलूख दुष्काळाच्या उंबरठ्यावर, आणि जिजाबाई गरोदर. त्या हिवाळ्यात त्यांनी कोठे राहावे हा प्रश्न जिवाचा होता. निवड झाली ती जुन्नरजवळच्या शिवनेरी किल्ल्याची : चढण्यास अवघड, पाण्याने समृद्ध आणि विश्वासू माणसांच्या ताब्यातील. १९ फेब्रुवारी १६३० रोजी तेथे शिवरायांचा जन्म झाला. हवेसाठी किंवा देखाव्यासाठी ते स्थळ कोणी निवडले नव्हते. (६/२६)

त्याच शिवरायांनी १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. चोहोबाजूंनी खारे पाणी असलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तटबंदी कितीही भक्कम असली तरी गोडे पाणी नसेल तर किल्ला आठवडाभरही तग धरत नाही. आज पर्यटक तट पाहतात आणि विहिरींजवळून पुढे जातात. मुक्कामाची जागा निवडताना आधी काय पाहावे, याचा धडा मात्र त्या विहिरींपाशीच आहे. (७/२६)

आता किनाऱ्याच्या अलीकडच्या इतिहासाकडे. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या पट्ट्यातील माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामांत लागली. ‘चाकरमानी’ हा शब्द तेव्हापासून कोकणाच्या बोलीत घर करून आहे. पुरुषांमागोमाग काही स्त्रियाही गिरण्यांच्या खात्यांत कामाला लागल्या. दहा बाय दहाच्या खोलीत बाळंतपण करण्यापेक्षा गावी जावे, असे त्यांतील अनेकींना वाटे, आणि त्या जातही. (८/२६)

जाण्याचा मार्ग समुद्राचा. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. अनेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरत. हलत्या बोटीवरून हलत्या पडावात पाऊल टाकणे धडधाकट माणसालाही कठीण. सातव्या-आठव्या महिन्याच्या स्त्रीला खलाशी आणि सोबतच्या बायका दोन्ही हातांनी धरून उतरवीत. पुढे गुडघाभर पाण्यातून वाळू गाठायची, आणि मग गाडीवाटेने गाव. (९/२६)

हा प्रवास बारमाही नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावर दक्षिणेकडील बोटी बंद होत आणि समुद्र शांत झाल्यावर पुन्हा सुरू होत. घाटांवरून येणारी फोंडा, आंबोलीसारखी वाट होती. परंतु ती मुंबईकरांना लांबची आणि खडतर. त्यामुळे गरोदर स्त्रीच्या प्रवासाचे गणित समुद्राच्या पंचांगावर बसे. दिवस आषाढ-श्रावणात भरणार असतील, तर वैशाखातच गाव गाठावे लागे. पौष-माघात भरणार असतील, तर दसरा-दिवाळीनंतरची बोट धरता येई. हिवाळा हा माहेरपणाचा मोसम ठरला तो थंड हवेमुळे नव्हे. समुद्र तेव्हा वाट देत असे म्हणून. (१०/२६)

वाट देत असे, पण हमी देत नसे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. महिना प्रवासाला योग्य मानला जाणाराच होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातील घराघरांत या नावांची धास्ती पुढे कित्येक वर्षे टिकली. आजीच्या तोंडचे ‘असल्या दिवसांत कसला समुद्र?’ हे वाक्य केवळ अंधश्रद्धेचे नाही. त्यामागे अशा बातम्या ऐकलेल्या पिढ्या आहेत. (११/२६)

दुसऱ्या टोकाला काय होते? तिथे माणसे होती. पुरुष मुंबईत असल्याने गावे स्त्रियांनी भरलेली असत. २०११ च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, इतका हा ठसा खोल आहे. आई, आजी, काकी, शेजारीण आणि गावची सुईण हीच गर्भवतीची तटबंदी. उकड्या तांदळाची पेज वेळेवर मिळे, जड काम कोणी करू देत नसे, रात्री उशाशी कोणीतरी झोपे. आजच्या भाषेत ज्याला ‘पूर्ण विश्रांती’ म्हणतात, ती त्या प्रवासाच्या शेवटी खरोखर मिळत असे. (१२/२६)

या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचे मात्र कारण नाही. बाळ आडवे आले, वार पुढे आली, रक्तस्राव थांबेना, तर सुईणीचा अनुभव तिथे संपत असे. शस्त्रक्रिया नव्हती, रक्त नव्हते. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे रुग्णालय आले, तेव्हा या भागाला आधुनिक वैद्यक प्रथमच जवळ आले. तेथील मिशनरी डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच जन्मला. ऐन पावसाळ्यात, समुद्र बंद असताना. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातील राजदूत झाला. (१३/२६)

त्या बाळाच्या आईला रुग्णालय घराशी होते. किनाऱ्यावरील बहुसंख्य आयांना ते नव्हते. संस्थानी सावंतवाडीत राणी जानकीबाईंच्या नावाचे सूतिकागृह उभे राहिले, हीदेखील या भागाच्या इतिहासातील मोलाची गोष्ट. परंतु डोंगर-खाड्यांनी चिरलेल्या मुलखात दोन-चार केंद्रांनी किती जणींना पुरे पडावे? जुन्या प्रवासात पोहोचल्यावर माणसांचा आधार मिळे, वैद्यकाचा मिळत नसे. आजच्या प्रवासात वैद्यक मिळू शकते, पण माणसे नसतात. या एका वाक्यात दोन काळांतील फरक सामावतो, आणि पुढील सारा विचार त्यावरच उभा आहे. (१४/२६)

विश्रांतीला पैसा लागतो, हा या इतिहासाचा दुसरा धागा. गिरणीतील बाई गावी गेली की मजुरी बुडे. रावसाहेब आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या समर्थनार्थ बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून तो भार मुख्यतः शासनाने आणि स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही उचलावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. १९२९ मध्ये झालेला हा कायदा देशातील अशा प्रकारचा पहिला. (१५/२६)

त्या कायद्याने दिवसाला आठ आणे, प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर चार आठवडे, एवढे मिळू लागले. १९६१ चा केंद्रीय कायदा त्याच वाटेने आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यांतील प्रसूतीपूर्वी घेता येतात जास्तीत जास्त आठ. म्हणजे प्रवासाला जो काळ वैद्यकदृष्ट्या सर्वांत बरा, त्यात ही रजा मिळत नाही. मग नोकरदार दांपत्य नाताळची जोडसुट्टी शोधते आणि दोन महिन्यांचे माहेरपण चार दिवसांच्या गर्दीत कोंबते. दोष हौसेचा नाही, रजेच्या हिशेबाचाही आहे. (१६/२६)

आता जुन्या प्रवासातील क्रम पाहावा : आधी दिवस कधी भरतात ते, मग वाट, मग दुसऱ्या टोकाचा आधार, आणि या तिन्हींची खात्री झाल्यावर आराम. आजचा बेत बहुधा उलटा चालतो : आधी समुद्र दिसणारी खोली, मग सुट्टीच्या तारखा, मग वाहन. आधाराचा प्रश्न पडलाच, तर रात्री दोन वाजता पडतो. सहल करावी की करू नये, हा वाद त्यामुळे निरर्थक आहे. बेत कोणत्या क्रमाने आखला, एवढाच प्रश्न महत्त्वाचा. तोच क्रम आजच्या मालवणला लावून पाहू. (१७/२६)

पहिला मुद्दा दिवसांचा. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात १४ ते २८ आठवड्यांचा काळ प्रवासाला सर्वांत योग्य, असे स्त्रीरोगतज्ज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. मळमळ ओसरलेली असते, पोट फार जड झालेले नसते. नाताळच्या सुमारास निघायचे असेल, तर अपेक्षित प्रसूतीची तारीख साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून जूनच्या उत्तरार्धापर्यंत पडणाऱ्या स्त्रीला हे गणित जुळते. तारीख फेब्रुवारीत असेल, तर नाताळात मालवण नको. दिवाळीनंतरचे शांत दिवस पाहावेत. पूर्वी समुद्राच्या पंचांगावर बसणारे गणित आता आठवड्यांच्या पंचांगावर बसवायचे, एवढेच. (१८/२६)

दुसरा मुद्दा वाटेचा. मुंबई ते मालवण रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर, आणि महामार्गाचे चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रेंगाळलेले. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गाने सुरू झालेली कोकण रेल्वे हाच गर्भवतीसाठी उत्तम पर्याय : डब्यात उठून चालता येते, प्रसाधनगृह असते, आणि खालच्या बर्थचा कोटा गर्भवतींनाही लागू आहे. कुडाळला उतरून मालवण सुमारे ३० किलोमीटर. मोटारीनेच जायचे तर दर दीड-दोन तासांनी उतरून चालावे आणि पट्टा पोटाखालून घ्यावा. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. तेथील उड्डाणांची चौकशी निघण्यापूर्वी करावी. (१९/२६)

तिसरा आणि मुख्य मुद्दा आधाराचा. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे. मोठ्या सोयींसाठी कुडाळ, कणकवली, सावंतवाडी किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. फारच गंभीर प्रसंगी या जिल्ह्यातील माणसे आजवर गोव्याच्या बांबोळीला धावत आली आहेत, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक. म्हणून खोली राखण्यापूर्वी एक दूरध्वनी करावा : जवळचे प्रसूतितज्ज्ञ कोण, ते त्या तारखांना गावात आहेत काय, शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय कोठे. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे; तिला पत्ता सांगता येईल अशी निवासाची खूण माहीत असावी. (२०/२६)

निवासाची जागाही याच दृष्टीने पाहावी. देवबाग ही एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशी वाळूची चिंचोळी पट्टी आहे. सौंदर्य अलौकिक, पण जाण्या-येण्याचा रस्ता एकच, आणि सुट्टीच्या गर्दीत तो तुंबतो. त्यापेक्षा मालवण गावात, चिवल्याच्या बाजूला राहावे. तेथेही समुद्र तोच असतो आणि दवाखाना जवळ. सोबत सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगटाची नोंद, चालू औषधे आणि आपल्या डॉक्टरांचा क्रमांक असावा. पूर्वी सोबत काकी असे, आता फाइल असावी. (२१/२६)

समुद्राशी व्यवहार मर्यादेतच बरा. गरोदरपणात स्कूबा डायव्हिंग वर्ज्य आहे, कारण दाबातील बदलाने निर्माण होणारे वायूचे बुडबुडे गर्भाला घातक ठरू शकतात. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना बोट यांतील आदळआपटही नको. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी नौका उलटून दोघे पर्यटक दगावले, हे विसरता येत नाही. सिंधुदुर्गाची होडी मोसमात शांत पाण्यातून जाते. पण चढ-उतार आजही हात धरूनच होतो. डॉक्टरांची संमती, भरतीची योग्य वेळ आणि जीवरक्षक जाकीट नसेल, तर किल्ला धक्क्यावरूनही सुंदर दिसतो. (२२/२६)

पानात काय असावे? बांगडा, तारली यांसारखी लहान मासळी ताजी आणि नीट शिजवलेली असेल तर हितकर. मोरी मात्र टाळावी. मोरी म्हणजे शार्कच. मोठ्या शिकारी माशांच्या मांसात पारा साठतो आणि तो गर्भाच्या मेंदूला अपाय करू शकतो. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी देण्याची कोकणातील रीत लहान पिलांच्या मासळीवर रुजली. हॉटेलातील मोरी किती मोठ्या माशाची, हे ताटात कळत नाही. तिसऱ्या आणि कालवे पूर्ण शिजलेली हवीत. पाणी उकळलेले किंवा बंद बाटलीचे, कारण दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात जीवघेणी ठरू शकते. (२३/२६)

दोन स्थानिक सावधगिऱ्या. दोडामार्ग-सावंतवाडीच्या रानपट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. गोचिडांतून पसरणारा हा आजार हिवाळा-उन्हाळ्यातच डोके वर काढतो. म्हणून त्या बाजूची जंगलभ्रमंती या खेपेस नको. दुसरी गर्दीची. मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या यात्रेला लाखोंचा समुदाय लोटतो, आणि तिचा दिवस पंचांगावरून नव्हे, देवीच्या कौलावरून ठरतो. तारीख जाहीर झाल्यावर आपल्या तारखांशी ताडून पाहावी. ज्यांना नुसती शांतता हवी, त्यांच्यासाठी १५३० मध्ये बांधलेला धामापूरचा तलाव आहे. (२४/२६)

काही प्रसंगी वडीलधाऱ्यांचा नकार पूर्ण योग्य ठरतो. वार खाली असणे, जुळी, वाढलेला रक्तदाब, पूर्वी अकाली प्रसूती, चालू गरोदरपणात रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीविना घर सोडू नये. प्रवासात रक्त किंवा पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर ‘सकाळी पाहू’ म्हणू नये. मात्र प्रकृती उत्तम असलेल्या स्त्रीला केवळ ‘लोक काय म्हणतील’ म्हणून नऊ महिने चार भिंतींत ठेवणे, यास परंपरेचाही आधार नाही. तिच्या आजीने हलत्या बोटीतून याहून कठीण प्रवास केला होता. (२५/२६)

शेवटी ज्यांचा हा किनारा, त्यांच्याविषयी. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०२१-२२ मध्ये आले. मधल्या काळात २०१८ मध्ये गोव्याने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा किती जण बांबोळीवर अवलंबून होते ते उघड झाले. पाहुणीला सोलकढी वाढणारी निवासाची मालकीणही कधी गरोदर असते, आणि तिला चार दिवसांनी शहरात परतायचे नसते. पाहुणीने विचारलेला ‘जवळचे प्रसूतितज्ज्ञ कोठे?’ हा प्रश्न दर हिवाळ्यात शेकडो तोंडांनी विचारला जावा. किनाऱ्याने सहलीचे निमंत्रण देण्यापूर्वी त्याचे उत्तर तयार ठेवले, तर त्याचा पहिला लाभ गावच्याच लेकीसुनांना होईल. (२६/२६)